डोंगराळ भागातलं एकत्रीकरण

शेतजमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र केले की ट्रॅक्टर फिरतो, खर्च घटतो, असं काही जण म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाट रानाला ते चालेल. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडे तसं नाही.

तिथं एकाच कुटुंबाचा एक डाग (जमिनीचा तुकडा) ओढ्याकाठी भाताचा, दुसरा उतारावर नाचणी-वरीचा, तिसरा वर गवताचा. अतिवृष्टीत खालचं भात कुजलं तर वरची नाचणी हाताशी राहते, आणि गवत नसेल तर म्हशी कशावर जगवायच्या? असे तीन डाग देऊन एक सलग गट घेतला की जोखीमही सलग होते. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यात मोबदल्याची सोय आहे, पण भाताच्या खाचराचा बांध घालायला दोन पिढ्या राबल्या त्याचं मोल आकारणीत कुठून येणार?

दुसरं दुखणं कागदाचं. एकत्रीकरणात जमिनीचे जुने सर्व्हे नंबर जाऊन नवे गट नंबर आले, पण बऱ्याच ठिकाणी माणसं आपापल्या जुन्या रानातच राबत राहिली. सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची. मग पीककर्ज अडतं, नुकसानभरपाई भलत्याच्याच खात्यात जाते आणि भाऊबंदकीला निमित्त मिळतं. (ते तसंही आपल्याकडे लागतंच कुठं म्हणा.)

यावर राज्य सरकारची 2023 ची सलोखा योजना उपयोगी आहे. 12 वर्षांपासून परस्परांच्या जमिनीवर ताबा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक 1000 आणि नोंदणी फी 1000 रुपये. मात्र दोघंही राजी हवेत.