फ्रीज-वॉशिंग मशीनची वाढीव वॉरंटी घ्यावी का? फोनवाली बाई पाठ सोडत नाही

फुलेवाडीची_वहीवाली

नमस्कार मंडळी. गेल्या पाडव्याला कोल्हापुरात राजारामपुरीतनं फ्रीज आणि वॉशिंग मशीन घेतलं. मशीन फ्रंट लोड, 34,000 चं. फ्रीज डबल डोअर, 28,500. आता वर्ष होत आलंय तशी एक बाई रोज दुपारी बरोबर भाकरी थापायच्या वेळी फोन करतेय. "मॅडम, तुमची वॉरंटी संपतेय, नंतर काही झालं तर पूर्ण खर्च तुमचा." आवाज असा की आत्ताच कुणीतरी गेलंय.

तिचा हिशोब असा: मशीनला 3 वर्षांचे 7,080. फ्रीजला 3 वर्षांचे 4,720. पाण्याच्या आरओचं मशीन आधीपासून आहे, त्याचं एका वर्षाचं कंत्राट 5,310. सगळ्याला 18 टक्के जीएसटी धरून. बेरीज 17,110. तिन्ही आजच्या आज घेतलं तर 15,999. आज नाही घेतलं तर ऑफर गेली. (ही ऑफर गेल्या मंगळवारपासून रोज जातेय.)

आता माझी गोष्ट. लग्न झालं 2011 च्या डिसेंबरात, तेव्हापासून मी घरातल्या दुरुस्तीची वही लिहितो. आमच्यात बायका 'मी येतो, मी लिहितो' असंच बोलतात, बाहेरगावच्यांनी गोंधळू नये. सासूबाई म्हणायच्या, सोन्याची वही ठेवावी, ही गॅस्केटची ठेवतेय. तर त्या वहीत काय आहे बघा. मिक्सरचे कार्बन तीनदा, कपलर दोनदा. जुन्या फ्रीजचा थर्मोस्टॅट एकदा, दाराचं रबर एकदा, गॅस एकदा. जुन्या दोन टबवाल्या मशीनचा पट्टा, स्पिनचा टायमर, पाणी सोडायचा पाइप. गिझरची कॉइल. टीव्हीचा रिमोट मी धरत नाही, तो धाकट्यानं दाताखाली घातलेला.

13 वर्षांची बेरीज 14,870. त्यातले 8,200 एकट्या पाण्याच्या मशीनचे. म्हणजे बाकी सगळ्या घराला 6,670, वर्षाला पाचशेच्या जरा वर. आणि ही बाई तीन वस्तूंचे 15,999 मागतेय!

वही म्हणतेय घेऊ नको. पण मिस्टर म्हणतात, जुन्या मशीनला मोटर आणि पट्टा होता, नवीनला आत कॉम्प्युटर आहे, तुझी वही जुन्या जमान्याची. ते गोकुळ शिरगावला फौंड्रीत मेंटेनन्सला आहेत, त्यामुळं अगदीच टाकून बोलता येत नाही. कुणाचा अनुभव असेल तर सांगा. 'कंपनीवर विश्वास ठेवा' असलं नको, आकडे सांगा.

रंकाळ्याचा_वारा

ताई, मी घेणाऱ्यातला. 43 इंची टीव्ही 26,000 ला घेतला होता, दुकानदारानं गळ्यात मारलं म्हणून 2,300 देऊन आणखी दोन वर्षांचं कव्हर. विसाव्या महिन्यात पडद्यावर उभ्या रेघा. पॅनेलचा भाव सांगितला 18,000! कव्हर होतं म्हणून फुकट बदललं. दीड महिना लागला, आयपीएल गेली, पण पैसे वाचले.

एक मात्र लक्षात ठेवा. बिल मागितलं तेव्हा कपाटातनं काढलं तर कागद कोरा! त्या गुळगुळीत कागदावरची छपाई उडते. दुकानदारानं कॉम्प्युटरातनं परत काढून दिलं म्हणून निभावलं. घेतल्या दिवशीच बिलाचा फोटो काढून ठेवा.

सदाशिव_पेठी

'मी लिहितो'? ताई आहात की दादा? आणि रिमोट खर्चात धरायला हवा होता. हिशोब म्हणजे हिशोब.

फुलेवाडीची_वहीवाली

@सदाशिव_पेठी माझी पहिली पोस्ट परत वाचा की राव, तिथंच लिहिलंय. रिमोट 350 चा. धरा.

पाना_पक्कड

वहीनी (वहीवाली म्हणून वहीनी), तुमची वही खरी आणि मिस्टरांचं म्हणणंबी खरं. मी 31 वर्षं हेच काम केलं, आधी उद्यमनगरात मोटर वाइंडिंग, मग फ्रीज-मशीन. आता डोळ्यांमुळं बंद केलंय. म्हणून मोकळेपणानं सांगतो, मला आता कुणाकडनं गिऱ्हाईक घ्यायचं नाही.

तिन्ही वस्तू एका दावणीला बांधू नका. ती बाई बांधतेय, कारण तिचा फायदा तिथंच आहे.

आधी फ्रीज. बाहेर चिकटवलेलं असतं, कॉम्प्रेसरला 10 वर्षांची वॉरंटी. लोकांना वाटतं फ्रीजला 10 वर्षं. न्हाई. फक्त तो काळा गोळा फुकट. तो बदलायची मजुरी, गॅस, फिल्टर, येण्याजाण्याचे पैसे तुमचे. तरीपण फ्रीज ही साधी वस्तू. बिघडतंय काय? दाराचं रबर, आतला पंखा, बर्फ वितळवायचा हीटर, सेन्सर. हजार-दोन हजारांत निपटतंय. भीती दोनच. एक म्हणजे बॉडीतलं गॅसचं लिकेज. हल्ली मागची जाळी दिसत नाही, ती पत्र्याच्या आत असते. तिथं भोक पडलं तर आत हात जात नाही, पण जाणता माणूस बाहेरनं नवी जाळी लावून चालू करून देतो. दुसरी भीती इन्व्हर्टरचं कार्ड, म्हणजे कॉम्प्रेसर चालवणारा बोर्ड. ते गेलं तर कंपनी नवीनच घालणार. चांगला स्टॅबिलायझर लावा, आणि लाईट गेली की बटण बंद, आल्यावर पाच मिनिटांनी चालू. 4,720 देऊ नका.

वॉशिंग मशीन वेगळं. टॉप लोड असतं तर मी नको म्हटलं असतं. तुमचं फ्रंट लोड. ह्यात तीन दुखणी महाग.

पहिलं बोर्ड, म्हणजे मिस्टर म्हणतात तो आतला कॉम्प्युटर. आम्ही जुने बोर्ड उघडून एखादा रिले, एखादा कपॅसिटर बदलून हजार-बाराशेत चालू करायचो. आता बऱ्याच बोर्डांवर जेलीसारखं सिलिकॉन ओतलेलं असतं, पाणी लागू नये म्हणून. ते खरवडून काढायचं म्हणजे लिंबाच्या फोडीतनं साल न दुखवता बी काढायचं. कंपनीचा माणूस तर दुरुस्त करतच नाही, बदलतो. साडेसहा-सात हजार.

दुसरं बेअरिंग. बेअरिंग स्वतः चारशे-पाचशेचं. पण पुढचं सील झिजून पाणी आत गेलं की ते गंजतंय, मशीन पिळताना एसटी घाट चढतेय असा आवाज. आता बऱ्याच मशीनचा बाहेरचा टब दोन अर्धे चिकटवून बंद केलेला असतो, नट-बोल्ट नाहीत. कंपनी अख्खा टब बदलते. नऊ-दहा हजार. आमच्यातली काही पोरं हॅकसॉनं टब कापून, बेअरिंग घालून, परत बोल्ट मारून देतात. चालतंय. पण असला हात कोल्हापुरात मोजका आहे.

तिसरं, ड्रमच्या मागचा तीन पायांचा स्पायडर. ॲल्युमिनियमचा असतो. जास्त पावडर टाकणाऱ्या घरात त्याच्यावर थर बसतोय, धातू खाल्ला जातो, मग पाय मोडतो. तुम्ही किती पावडर टाकता ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

तीन-चार वर्षांत ह्यातलं एक झालं तर 7,080 जवळपास वसूल. होईलच असं नाही. पण तुमच्या वर्षाला पाचशेच्या हिशोबात एकदम दहा हजारांचा दणका बसणार असेल, तर ह्या एकाच वस्तूला कव्हर घ्या.

घेण्याआधी मात्र बाईला हे विचारा, आणि उत्तर फोनवर नको, लेखी मागा. एक, कव्हर आज पैसे भरल्यापासून सुरू होणार का वॉरंटी संपल्यापासून? पहिलं असेल तर मधले दिवस बुडाले. दोन, रबर, प्लास्टिक, पाइप धरलेत का? तीन, उंदीर. हसू नका. ह्या मशीनचं पोट खालनं उघडं असतं, वायर कुरतडली की 'आमच्यात बसत नाही' म्हणून मोकळे. माझ्याकडं पावसाळ्यात येणाऱ्या मशीनमधली कितीतरी नुसत्या उंदरांची असायची. दीडशे रुपयांची जाळी खाली मारून घ्या, ते सगळ्यात स्वस्त कव्हर.

आता आरओ. त्याचं कंत्राट सोडा, मुळात आरओच कशाला? वहीतले 8,200 कशाचे ते बघा. मेंब्रेनचेच, म्हणजे आतल्या गाळायच्या पडद्याचेच निघतील. फुलेवाडीत मी मीटर लावून बघितलंय, नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, दीडशेच्या आत. भारतीय मानकात 500 पर्यंत चालतंय. आपल्या नळाच्या पाण्यात भीती जंतूंची, क्षारांची नाही. त्याला गाळण आणि यूव्हीचा दिवा पुरतो. आरओ बोअरवाल्यांनी घ्यावं. नळाला आरओ लावून तुम्ही चांगलं पाणी मोरीत सोडताय.

कुंभार_गल्ली

पाना_पक्कड काकांनी उंदीर सांगितला, मी पूर सांगतो. आम्ही शाहूपुरी कुंभार गल्लीतले. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी गेलं 55 च्या वर. फ्रीज डायनिंग टेबलावर चढवला आणि लेकरं घेऊन निघालो. परत आलो तर टेबल एका खोलीत, फ्रीज दुसऱ्या खोलीत उताणा, आत चिखल आणि कुणाचं तरी पायताण.

त्या फ्रीजला वाढीव वॉरंटी होती. फोन केला. म्हणाले, नैसर्गिक आपत्ती बसत नाही. कागद उघडून बघितला तर खरंच लिहिलेलं, मुंगीएवढ्या अक्षरात. 2021 ला परत पाणी आलं तेव्हा मी फोनच केला नाही.

हे कव्हर वस्तू आपली आपण बिघडली तर. बाहेरनं काय आलं, पूर, आग, ते घराच्या विम्यात. 2021 च्या एप्रिलपासून 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना द्यावीच लागते, सगळीकडं शब्द सारखेच. घराचा विमा काढला की घरातलं सामान घराच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाख, आपोआप धरलं जातं. पूर त्यात आहे. बोर्ड जळाला, बेअरिंग गेलं, ते त्यात नाही. आम्ही दुसऱ्या पुरानंतर काढली. ताई, तुमच्याकडं पाणी येत नसेल तर देवाची कृपा, पण येत असेल तर आधी ती बघा.

रंकाळ्याचा_वारा

आणि कव्हर असून टाळाटाळ केली तर 1915 वर तक्रार करा, सरकारी ग्राहक हेल्पलाइन. मित्रानं कंपनीला नुसता तक्रार नंबर सांगितल्यावर चौथ्या दिवशी माणूस घरी. तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

फुलेवाडीची_वहीवाली

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही लिहिल्यावर वही परत काढली. 8,200 मधले 5,900 मेंब्रेन आणि फिल्टरचे. लाज वाटली. शेजारच्या पोरानं कॉलेजातनं मीटर आणला, टीडीएस 118 आला. आरओचं कंत्राट कटाप.

बाईला तुमचे तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्या प्रश्नालाच म्हणाली, "एक मिनिट मॅडम," आणि गाणं लावून गेली. दोन दिवसांनी दुसऱ्याच माणसाचा फोन. फक्त मशीनचं घेणार म्हटल्यावर 7,080 चे 5,900 झाले, आणि कव्हर वॉरंटी संपल्यावर सुरू होणार असं ईमेलवर दिलं. रबर धरत नाहीत. उंदीर धरत नाहीत. मिस्टरांनी रविवारी जाळी मारली, आणि पावडरीचा चमचा माझ्या हातातनं काढून घेतलाय.

घेतलं मशीनचं.

बाकीच्या वस्तूंसाठी एक केलंय, सांगतो. आमच्या गल्लीत भिशी आहेच, नवीन काढलीय दुरुस्तीची. सहा घरं, महिन्याला 200 रुपये, वर्षाचे 14,400. ज्याच्या घरात काही बिघडेल त्यानं बिल दाखवायचं, निम्मे भिशीतनं. निम्मेच, कारण पूर्ण दिले तर जावेच्या घरी मिक्सर दर महिन्याला बिघडेल, मी ओळखतो तिला. दिवाळीला उरतील ते वाटून घ्यायचे. वही अर्थातच माझ्याकडं.

अडचण एकच. समोरच्या वहिनींना यायचंय आणि त्यांचा फ्रीज 19 वर्षांचा आहे. 'तुमचा लई जुना' असं तोंडावर कसं म्हणू? आम्ही रोज एका नळावर.

पाना_पक्कड

वहिनींना घ्या, फ्रीज सोडून. आणि त्यांना सांगा, तो फ्रीज मी बघितलाय, तो तुम्हा सहा घरांच्या नव्या फ्रीजना पोचवून मग जाईल.