सकाळी दहा मिनिटं गाडी तापवत ठेवणाऱ्यांनो, कशासाठी?

पहिलामजला

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ज्येष्ठ सभासदांनी काल फर्मान काढलं: 'सकाळी गाडी चालू करून किमान दहा मिनिटे उभी ठेवावी, ऑइल सर्वत्र पोचते, अन्यथा इंजिनचे आयुष्य निम्मे होते.' खाली अंगठ्यांची रांग. तिथे तोंड उघडलं असतं तर पुढच्या मीटिंगमध्ये माझ्या बाल्कनीच्या ग्रिलचा विषय निघाला असता, म्हणून इथे लिहितोय.

मी मुलुंडला पहिल्या मजल्यावर राहतो. खाली स्टिल्ट पार्किंग. सव्वासहाला माझ्या बेडरूमच्या बरोबर खाली एक गाडी घुर्र करून सुरू होते, मालक काच पुसतो, वॉचमनशी गप्पा मारतो, घरी जाऊन डबा घेऊन येतो. तोवर धूर आमच्या पडद्यात.

आता मुद्द्याचं. ऑइल पंप इंजिनबरोबरच फिरतो, काही सेकंदांत दाब येतो. त्यासाठी दहा मिनिटं लागत असती तर इंजिन पहिल्याच आठवड्यात जाम झालं असतं. चोक ओढायच्या गाड्या वेगळ्या होत्या. या शतकाच्या सुरुवातीलाच पेट्रोल गाड्यांत एमपीएफआय आलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने मोजून पेट्रोल; थंड इंजिनला किती द्यायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, बघतो. आणि तो थंडपणी जास्तच देतो. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्येच उतरतं. म्हणजे ज्या झिजेच्या भीतीने गाडी उभी ठेवता, तीच वाढवता. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय धड काम करत नाही आणि उभ्या गाडीत तो रमतगमत तापतो. तेव्हा सव्वासहाचा तो धूर दिवसभरातला सगळ्यात घाणेरडा धूर.

बरं, थंडी तरी कुठली? सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मध्ये. एरवी आपल्या गाड्या रात्रभर पंचवीस अंशांत घाम गाळत उभ्या असतात. चालू करा, पट्टा लावा, आरसे बघा, निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवा. संपला विषय.

पद्मिनीचा_भाचा

संपला कसा? तुमचा त्रास धुराचा आहे, त्याला इंजिनाचं शास्त्र कशाला जोडता?

माझ्या मामांकडे प्रीमिअर पद्मिनी होती. गिरगावातून निघायच्या आधी चोक ओढून ती पाच मिनिटं तापवायची, मग चोक हळूहळू आत. घाई केलीत तर केम्प्स कॉर्नरच्या चढावर आचके देऊन बंद. मागून बेस्टचा हॉर्न, बाजूने शिव्या. मामांनी ती गाडी वर्षानुवर्षं विनातक्रार चालवली. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा लोक तिच्याबरोबर सेल्फी काढत होते. तुमच्या ईसीयूवाल्या गाडीबरोबर कोण काढणार?

आता माझ्याकडे नवी गाडी आहे आणि मी तीही तापवतो. लोखंड तेच, ऑइल तेच. झीज सुरू करतानाच जास्त होते हे ऑइलच्या जाहिरातीसुद्धा सांगतात.

पहिलामजला

झीज थंड असताना होते, मान्य. मग ती थंड अवस्था लवकर संपवाल की लांबवाल? चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं, उभ्या गाडीत उशिरा. शिवाय गिअरबॉक्स, बेअरिंगचं ग्रीस, टायर यांतलं काहीच उभ्या गाडीत तापत नाही. आणि ऑइल तेच नाही हो. मामांच्या गाडीत २०डब्ल्यू-४० असायचं, आता ५डब्ल्यू-३० नाहीतर ०डब्ल्यू-२० येतं; डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं थंड असतानाही भराभरा वाहणारं. डब्यावर छापलेलं असतं, वाचायचं एवढंच.

टर्बो_तात्या

दोघेही पेट्रोलवाले दिसताय. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला आधार फक्त ऑइलच्या पापुद्र्याचा. म्हणून माझी डिझेल मी अर्धा-एक मिनिट उभी ठेवतो. दहा नाही. पण सुरू केल्या केल्या गेटबाहेर पिकअप मारणाऱ्यांना टर्बोचं बिल आलं की माझी आठवण येईल.

आणि लोक जिथे खरंच चुकतात तिथे कुणी बोलत नाही. खंडाळ्याचा घाट दाबून चढवतात आणि वर हॉटेलात शिरले की पार्किंगमध्ये चावी लगेच बंद. टर्बो लालबुंद, ऑइल जागच्या जागी थांबलं, तिथेच करपलं. वडापाव पळून जात नाही. मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, मग उतरा. सकाळचं तापवणं राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका.

सीएनजीग्रस्त

आम्ही काय करायचं ते सांगा. माझी गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन जरा तापलं की मगच गॅसवर जाते. म्हणून मी खालीच तापवतो, गॅसवर गेली की निघतो. रस्त्यावर पेट्रोल जळत नाही.

पहिलामजला

म्हणजे तेच पेट्रोल तुम्ही एक इंचही न हलता जाळता. वा. चालवत निघालात तर तेवढ्या पेट्रोलात सिग्नलपर्यंत तरी पोचाल.

सीएनजीग्रस्त

उपरोध नको. पंपावरच्या रांगेत तासभर उभं राहून पहा एकदा, मग पेट्रोलचा थेंब थेंब कसा मोजतात ते कळेल. आणि रांगेत मधेच घुसणाऱ्या रिक्षांवर स्वतंत्र धागा काढणार आहे, तेव्हा या.

ठाण्याची_वहिनी

आमची गाडी आठवडाभर उभीच असते. यांचं ऑफिस लोकलने, गाडी फक्त रविवारी. मी दिवसाआड खाली जाऊन दहा मिनिटं चालू ठेवते. कारण इंजिन नाही, उंदीर! मागच्या पावसाळ्यात गाडी सुरूच होईना. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या बाजूला अर्धी पोळी, केळ्याची साल आणि वायरचा रंगीत भुगा. इंजेक्टरला जाणारी वायर अशी सोललेली की आतली तांब्याची तार चकाकत होती. आवाज नि थरथर झाली की उंदीर पळतात असं ड्रायव्हरने सांगितलं, तेव्हापासून हा नेम.

घाटकोपर_पश्चिम

वहिनी, उलटं होतंय. इंजिन गरम झालं की पावसाळ्यात उंदराला त्याहून छान बिछाना नाही. तुम्ही दहा मिनिटं गादी गरम करून देताय.

तंबाखूची पानं कापडात बांधून ठेवा. मला गुण आला.

टर्बो_तात्या

तंबाखूने काही होत नाही. आमच्याकडचे उंदीर ती खाऊन परत आले. डांबरगोळ्या ठेवल्या तर एसीतून वास येतो, बायको गाडीत बसेना. शेवटी रात्री बॉनेट उघडं टाकून ठेवतो. उजेड नि वारा असला की तिथे घरटं करत नाहीत.

घाटकोपर_पश्चिम

उघडं बॉनेट? आमच्याकडे सकाळी बॅटरी चोरीला गेलेली असेल.

पद्मिनीचा_भाचा

उंदरांचं मूळ सांगू? वरून खरकटं टाकणारे. विशेषतः पहिल्या मजल्यावरचे. त्यांना वाटतं एवढ्या खालून टाकलं की दिसत नाही.

पहिलामजला

हे वैयक्तिक आहे. माझ्या घरातून आजवर बडीशेपेचा दाणाही खाली गेलेला नाही. खरकटं येतं चौथ्या-पाचव्या मजल्यावरून आणि अडकतं माझ्या छज्ज्यावर. फोटो आहेत माझ्याकडे.

पद्मिनीचा_भाचा

फोटो आहेत म्हणजे तुम्ही दिवसभर खिडकीतच असता. मग सव्वासहाला उठवल्याची तक्रार कशाला?

ठाण्याची_वहिनी

भांडू नका हो. कबुतरांना दाणे टाकणारेही तितकेच जबाबदार. आमच्या मागच्या गल्लीत ज्वारीचा सडा असतो, रात्री तिथे उंदरांची जत्रा.

सीएनजीग्रस्त

कबुतरखान्याचा विषय इथे काढू नका, नाहीतर धाग्याला कुलूप लागेल.

घाटकोपर_पश्चिम

मुंबईत पालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं रात्री काठी नि टॉर्च घेऊन उंदीर मारत फिरतात. लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाच्या, भीतीने हे काम चालतं. पण ती फिरणार गल्लीबोळांत, तुमच्या बॉनेटखाली कोण शिरणार?

गॅरेज_भायखळा

बराच वेळ वाचतोय. हात काळे आहेत म्हणून थोडक्यात लिहितो.

परवाच एक गाडी आली. मालक निवृत्त, गाडी रोज सकाळी पंधरा मिनिटं चालू ठेवायची आणि मग दादरच्या बाजारापर्यंत जाऊन परत, बास. तक्रार अशी की ऑइलची पातळी वाढलीये. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. दोन बोटांत चोळलं, पातळ, आणि वास सरळ पेट्रोलचा. प्लग काढले तर काजळी. इंजिन कधी पुरतं तापलंच नाही, त्यामुळे उतरलेलं पेट्रोल उडून जायला वावच मिळाला नाही. ऑइल बदललं आणि सांगितलं, काका, रविवारी गाडी वाशीपर्यंत नेऊन आणा.

बीएस-सिक्स डिझेलवाल्यांनी तर उभी गाडी चालू ठेवूच नये. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, काजळी साठते, ती जळायला सायलेन्सर कडक तापावा लागतो, जागेवर उभ्या गाडीत तो तापत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि माणूस गॅरेजमध्ये येऊन गाडीलाच नावं ठेवतो.

वहिनी, दहा मिनिटांत बॅटरी फारशी भरत नाही. स्टार्टरने खाल्लेलं जेमतेम परत येतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवा, जमत नसेल तर छोटा चार्जर लावून ठेवा. उंदरांसाठी ब्लोअरच्या हवेच्या तोंडाला स्टीलची बारीक जाळी, आणि सोललेल्या वायरीवर नुसती टेप नको, वरून जाड नळी चढवून घ्या.

पद्मिनीवाले, तुमचे मामा बरोबर होते. त्या गाडीला तापवायलाच लागायचं. तुमच्या आताच्या गाडीला नाही. ऑइलची लाल बत्ती विझली, सुरुवातीचे चढलेले आरपीएम खाली बसायला लागले, की निघा. महिनाभर उभी असेल तर एखादं मिनिट जास्त द्या.

आणि बेसमेंट पार्किंगवाल्यांनो, बंद जागेत गाडी चालू ठेवून आत झोपणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्या ड्रायव्हरला उठवा, शिव्या खाल्ल्या तरी चालतील.

पद्मिनीचा_भाचा

मामा बरोबर होते एवढं तरी कुणीतरी कबूल केलं, आनंद आहे. ठीक आहे, दहाची दोन मिनिटं करतो. त्यात गणपतीला नमस्कार नि आरसे पुसणं होतं. उरलेली आठ मिनिटं मुलुंडच्या साहेबांना अर्पण.

पहिलामजला

अर्पण स्वीकारलं. लाल बत्तीला दोन मिनिटं लागत नाहीत, पण एवढ्यावर भांडणार नाही. ग्रुपवरच्या आमच्या ज्येष्ठांना हे कोण सांगणार, हा प्रश्न तसाच आहे. गॅरेजवाल्या भाऊंचा प्रतिसाद नाव न घेता चिकटवू का?

टर्बो_तात्या

चिकटवा, पण डीपीएफचं गाळून. नाहीतर ते म्हणतील डिझेलवाल्यांचं आमच्याकडे कशाला.

आणि माझ्या घाटाच्या मुद्द्यावर कुणी एक अक्षर बोललं नाही, हे लक्षात ठेवलंय.

सीएनजीग्रस्त

उद्या सकाळी न तापवता निघून बघतो. पेट्रोलचा काटा हलला तर इथेच येऊन बोलेन.

ठाण्याची_वहिनी

ती स्टीलची जाळी नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात फुटावर मिळते की अख्खा रोल घ्यावा लागतो? आणि भोकं किती बारीक? आमच्याकडे चिचुंद्र्याही आहेत.