मदत हवी आहे: सहा जण, एक गूगल डॉक आणि जुना फॉन्ट

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीला यंदा ५० वर्षं होताहेत. स्मरणिकेचा मजकूर आम्ही सहा जण गूगल डॉक्समध्ये मिळून लिहितोय. कोणी घोडबंदर रोडला, कोणी ऐरोलीला राहायला गेलंय, त्यामुळे ही सोय फार मोलाची वाटते.

पण गेल्या रविवारी घोळ झाला. तळमजल्यावरच्या काकूंनी पाणी नसायचं त्या दिवसांची आठवण लिहिली होती, बादल्यांच्या रांगेसकट. ‘लांबलंय’ म्हणून कोणीतरी दोन परिच्छेद सरळ उडवले. काकूंना फार लागलं ते. व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे डॉकच्या जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीत, मजकूर सापडला, पण जुनी आवृत्ती रिस्टोअर केली तर नंतरचं सगळ्यांचं काम मागे गेलं असतं. म्हणून तेवढाच भाग कॉपी करून परत घातला.

आता सगळ्यांना ‘कमेंटर’ करावं म्हणतोय, म्हणजे फक्त सूचना करता येतील. मोबाइलवरून लिहिणाऱ्या ज्येष्ठांना हे जमतं का? कोणाचा अनुभव?

दुसरी अडचण मोठी आहे. माजी सचिवांची ४० पानं जुन्या, युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. डॉकमध्ये पेस्ट केली की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये बदलून देणारा एक कन्व्हर्टर वापरला, तर ‘वर्ष’मधला रफार भलत्याच अक्षरावर गेला आणि पहिली वेलांटी सुटी पडली. जोडाक्षरं नीट ठेवणारा कन्व्हर्टर कोणी स्वतः वापरलाय का? पुन्हा टाइप करायला माणूस नाही, आणि सचिवांचा एक शब्दही बदलायचा नाहीये.