'जादुई घर' सोडून दुसरा शब्द हवा आहे

मुलीच्या शाळेत मुलांना चित्रपट दाखवतात, त्यांची मराठीत ओळख लिहायचं काम माझ्याकडे आलंय. या खेपेला दोन अ‍ॅनिमेशनपट आहेत: डिस्नेचा 'एन्कांटो' (२०२१) आणि हायाओ मियाझाकींचा 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' (२००४). दोन्हींत घर जादूने बदलत राहतं. पण दर वाक्यात 'जादुई घर', 'जादुई दुनिया' येतंय आणि ते फार सपक लागतंय. 'मायावी वाडा', 'मयसभा', 'मायानगरी', 'कायापालट' हे शब्द सुचले. यातलं काय कुठे बसेल?

---

'मायानगरी' नको. आज तो शब्द वाचला की मुंबईची सिनेसृष्टीच आठवते. 'मायावी'मध्ये कपट आहे. मारीच मायावी, त्याने घेतलेलं हरणाचं रूपही मायावी. 'एन्कांटो'तल्या घराच्या मनात तसं काही नाही.

---

वरच्या प्रतिसादाशी सहमत. 'मयसभा'ही इथे चालणार नाही. मराठीत हा शब्द इतका रुळलाय की चमत्कारिक इमारत दिसली की हात तिकडेच जातो. पण महाभारतातली मयसभा स्वतः तसूभरही बदलत नाही. खांडववनाच्या आगीतून वाचलेल्या मयासुराने चौदा महिने खपून ती युधिष्ठिरासाठी बांधली. दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्र सावरतो आणि पुढे खऱ्या पाण्याला जमीन समजून त्यात पडतो. जे फसतं ते बघणाऱ्याचे डोळे. 'एन्कांटो'त मात्र डोळ्यांना दिसतं ते खरंच घडतं. फरशा खरोखर उचलल्या जातात, जिन्याची घसरगुंडी होते, छोट्या अंतोनियोच्या खोलीचं दार उघडलं की आत आख्खं जंगल असतं. (जाता जाता: 'मायासभा' असं लिहू नका. 'मय' हे त्या असुराचं नाव आहे, सभा त्याच्या नावाची.)

या घरासाठी मला सगळ्यात जवळचा शब्द वाटतो 'वास्तू'. 'वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते' हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे घर ऐकतं, घराला मत असतं, ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. कोलंबियातल्या त्या माद्रिगाल कुटुंबाचं घरही असंच आहे. ते खिडक्यांच्या झडपा हलवून खुणा करतं, फरशा खडखडवून उत्तर देतं. कुटुंबात धुसफूस वाढत जाते तशा भिंतींना भेगा पडतात. 'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात' ही आपली म्हण इथे शब्दशः पडद्यावर दिसते. फक्त एक गोष्ट उलटी आहे, आणि मला ती फार भावते: इथले वासे या कुटुंबातल्या मिराबेलवर, म्हणजे गोष्टीच्या नायिकेवर, कधीच फिरत नाहीत. घर कोसळत असताना शेवटची ताकद ते तिला वाचवण्यासाठी लावतं.

तेव्हा 'भारलेली वास्तू' म्हणा. 'झपाटलेली' किंवा 'पछाडलेली' मात्र नको, त्यात भूतबाधा आली. 'भारलेली' आणि 'मंतरलेली' यांत बाधा नाही, मोहिनी आहे. स्पॅनिशमधल्या 'एन्कांटो'चा अर्थही तिकडेच जातो.

---

'वास्तू' ऐकलं की गृहप्रवेश आणि वास्तुशांत डोळ्यांपुढे येते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जड जाईल. चित्रपटात त्या घराला लाडाने 'कासिता' म्हणतात, म्हणजे छोटंसं घर. मग 'घरकुल' का नको?

---

'घरकुल' अर्थाने अगदी चपखल आहे, तोच लाड त्यात आहे. अडचण एवढीच की आता खेडोपाडी 'घरकुल' म्हणजे योजनेतून मंजूर झालेलं घर. 'त्यांचं घरकुल आलं' हे वाक्य ऐकून कोणालाही जादू आठवणार नाही. माझं मत असं: 'कासिता' हे नाव तसंच ठेवा, ती या गोष्टीतलं पात्रच आहे. पहिल्या उल्लेखाला 'चालतंबोलतं घर' म्हणा. मुलांना लगेच कळेल. 'वास्तू' मोठ्यांसाठीच्या परिच्छेदात वापरा.

'हाऊल'साठी मात्र 'चालतंबोलतं' पुरत नाही. तिथे जादू दोन प्रकारची आहे. बाहेरून ते भंगाराचं धूड चार पायांवर डोंगर तुडवत जातं. आत दाराशेजारी एक रंगीत चकती आहे, तिच्यावरचा रंग बदलला की तेच दार दुसऱ्या गावात उघडतं. पुढे जादूगार हाऊल खडूने जमिनीवर वर्तुळ आखतो, वाडा चालवणाऱ्या कॅल्सिफर नावाच्या अग्नीला फावड्यावर घेऊन त्यात उभा राहतो आणि खोली फुगत, पसरत, दुसऱ्याच इमारतीत जाऊन बसते. नायिका सोफी पुढे जाऊन पाहते तर ते तिचं जुनं टोप्यांचं दुकान असतं! मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे: हाऊलने बिऱ्हाड हलवलं. 'घर' जागेला चिकटलेलं असतं, 'वाडा' तर पिढ्यान्पिढ्यांचा. 'बिऱ्हाड' मात्र माणसांबरोबर जातं, म्हणून तर विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. हाऊल सतत पळतोय, त्याला टोपणनावं घेऊन राहावं लागतंय, हे सगळं त्या एका शब्दात येतं.

---

आणि 'कायापालट'? तो शब्द मला आवडतो.

---

शब्द चांगला होता, पण वर्तमानपत्रांनी त्याला बसस्थानक आणि तलावांच्या सुशोभीकरणाला जुंपलंय. इथे मी नाम टाळून क्रियापद घेईन. जादू घडताना दाखवायची तर मराठीत क्रियापदं जास्त कामाला येतात: पालटणं, उमटणं, फुटणं, विरणं. मियाझाकींच्याच 'स्पिरिटेड अवे'त (२००१) संध्याकाळ होते, ओसाड गल्लीत एकेक दिवा लागतो, सावल्या हिंडू लागतात, आणि मघाशी जिथे हिरवं कुरण होतं तिथे पाणीच पाणी दिसतं. 'जादुई दुनियेत प्रवेश' असं लिहिलं तर यातलं काहीच पोचत नाही. 'दिवेलागणीला गाव पालटलं' लिहा, चित्र उभं राहील.

---

'गंधर्वनगर' कोणीच कसं सुचवलं नाही?

---

सुंदर शब्द, पण तो मुळात नसलेल्या गोष्टीचा आहे. आकाशात भासणारं नगर. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात 'गंधर्वदुर्ग' येतो तोही याच अर्थाने, जे नाहीच ते पाडायचं कसं, अशा ओघात. जाग आल्यावर विरून जाणाऱ्या स्वप्नसृष्टीच्या चित्रपटाला तो शोभेल. कासिता तर शेवटी सगळं गाव विटा वाहून पुन्हा उभी करतं आणि मिराबेलने दाराची मूठ बसवल्यावरच तिच्यात जीव येतो. इतक्या हातांनी बांधलेल्या घराला गंधर्वनगर म्हणता येणार नाही.

---

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. 'चालतंबोलतं घर' आणि 'बिऱ्हाड हलवलं' घेते. दुसऱ्या चित्रपटाचं नाव मराठीत द्यायचं तर 'हाऊलचा फिरता वाडा' की 'चालता वाडा'?

---

'चालता'. फिरता दवाखाना असतो, फिरतं वाचनालय असतं, ती चाकांवर जातात. याला पाय आहेत.