चाचणी आवृत्ती घरच्या संगणकावर: घातलीत, पण परत कसे आलात?

नवी ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात यायच्या आधीच घरच्या संगणकावर घालून बघणारे आपल्यात बरेच आहेत. नवं काय दिसलं ते सगळे हौसेने सांगतात. जुन्यावर परत यायचं ठरवल्यावर काय झालं, ते फारसं कोणी सांगत नाही. वर चढायला एक बटण पुरतं, उतरताना बहुतेक वेळा डिस्क पुसूनच सुरुवात. तर, येऊ द्या अनुभव.

*

माझं विंडोज ७ चं बीटा (म्हणजे चाचणी आवृत्ती), जानेवारी २००९. १ जीबी रॅमवर बऱ्यापैकी पळत होतं, त्यामुळे परत जायचं मनातही आलं नाही. पण बीटाला मुदत असते. १ ऑगस्टला ते संपणार होतं आणि १ जुलैपासून दर दोन तासांनी मशीन आपोआप बंद. हे आधीच जाहीर केलेलं होतं, तेव्हा तक्रार नाही. पण घरात कोणी टाईप करत बसलं की मी घड्याळाकडे बघत 'सेव्ह कर, सेव्ह कर' ओरडत फिरायचो! मग आरसी (रिलीज कँडिडेट, बीटानंतरची जवळजवळ अंतिम आवृत्ती) घातली, तीही कोऱ्या डिस्कवर. ऑक्टोबरात विकतची आवृत्ती आली, की पुन्हा सगळे प्रोग्रॅम पहिल्यापासून.

*

मी वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर घालते. मूळ सिस्टिमला धक्का लागत नाही. पण फोटोंचा संग्रह दोन्हींकडून दिसावा म्हणून सामायिक जागी होता. चाचणी आवृत्तीतल्या फोटोंच्या प्रोग्रॅमने 'संग्रह अद्ययावत करू का?' विचारलं, नवऱ्याने हो म्हटलं. जुन्या बाजूला आल्यावर तिथला प्रोग्रॅम म्हणतो, हा संग्रह नव्या आवृत्तीचा आहे, उघडत नाही. फोटो सगळे जागेवर, पण अल्बम, नावं, केलेली काटछाट काहीच दिसेना. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होता म्हणून निभावलं. आता चाचणीच्या बाजूला ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं जोडते.

*

एवढा उपद्व्याप कशाला? व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या खोट्या संगणकात) घाला, आहे त्या स्थितीचा स्नॅपशॉट घ्या, कंटाळा आला की उडवा.

*

व्हर्च्युअल मशीनवर सगळंच गोड दिसतं हो. तिथलं ग्राफिक्स कार्ड खोटं, नेटवर्क कार्ड खोटं. लॅपटॉपचं झाकण मिटून उघडल्यावर वायफाय परत येतं का, हे तिथे कसं कळणार? उबुंटूचं (ही लिनक्सची एक आवृत्ती) बीटा एप्रिल-ऑक्टोबरच्या आवृत्त्यांआधी काही आठवडे येतं. मी ते पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न घालता चालवते आणि झाकण, आवाज, ब्लूटूथ, प्रिंटर तपासते. ड्राइव्ह काढला की संगणक होता तसा.

*

माझ्यावर परत यायची वेळच आली नाही. लिनक्सच्या एका चाचणी आवृत्तीत 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' दिसायला लागलं. हिंदीत हा अर्धा र लागतच नाही, त्यामुळे इतर कोणाच्या लक्षात आलं नसावं. नुसतं 'मराठी नीट दिसत नाही' लिहिलं असतं, तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. कुठला फाँट, कुठला प्रोग्रॅम, युनिकोडचे वर्ण कुठल्या क्रमाने (ऱ, हलन्त, य), बरोबर रूप कसं दिसतं त्याचं चित्र, असं सगळं बगच्या (दोषाच्या) नोंदीत दिलं. एकाने उलट विचारलं, जुना फाँट घालून बघितलात का? घातला, तर व्यवस्थित. म्हणजे दोष नव्या फाँटात. अंतिम आवृत्तीत दुरुस्त होऊन आलं.

*

विंडोज इनसाइडरमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या चाचणी आवृत्त्यांच्या योजनेत) शिरणाऱ्यांनो, सेटिंग्जमधला परत जायचा पर्याय एरवी १० दिवसच टिकतो. त्याआधी डिस्क साफ करताना जुन्या विंडोजचं फोल्डर उडवलंत, तर तोही गेला. माझे दिवस उलटून गेलेत, त्यामुळे आज रात्री कोरं इन्स्टॉल. बॅकअप चालू आहे, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतलीय, वायफायचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवलाय. आणखी काही राहतंय का?