पूरमदत थेट गावातल्या गटांना द्यायची आहे, परदेशातला पैसा कसा पोचवावा?

परमुलखी:
नमस्कार. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आल्यानंतर अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाने परंडा, माढा, करमाळा या भागांसाठी निधी उभा केला. किराणा किट, चादरी, वह्यापुस्तकं पहिल्या काही आठवड्यांत सगळीकडूनच आली. आता उरलेत ते पडलेल्या घरांचे, वाहून गेलेल्या शेळ्यांचे, खरडून गेलेल्या जमिनींचे प्रश्न. एखाद्या मोठ्या संस्थेला रक्कम देऊन मोकळं व्हायचं नाही. कुणाला किती द्यायचं ते तिथले ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचे संघ), बचत गट, तालुक्यातले लहान ट्रस्ट यांनीच ठरवावं, असं समितीचं मत आहे.

सभासदांत भारतीय पासपोर्टवाले आहेत, तसेच ओसीआयवालेही (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे). मंडळाच्या खात्यातून लहान संस्थेला थेट पैसे पाठवता येतील का? की एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी) असलेल्या संस्थेकडे देऊन तिने पुढे वाटावेत? आणि लहान संस्थांकडून हिशेब किती मागणं रास्त आहे?

हिशेबवही:
पैसा कुणाच्या नावाने निघतो, यावर पुढचं सगळं ठरतं.

मंडळ अमेरिकेत नोंदलेलं आहे, म्हणजे त्याच्या खात्यातली प्रत्येक रक्कम परदेशी अंशदान (कायद्याच्या भाषेत परदेशी देणगी). सभासद शंभर टक्के भारतीय नागरिक असले तरी त्यात फरक पडत नाही. असा पैसा घ्यायला भारतातल्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. याउलट भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या नावाने, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी अंशदान धरत नाहीत, मग तो कितीही वर्षं बाहेर राहत असो. ओसीआय कार्डधारक मात्र परदेशी नागरिकच.

म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांना मंडळात पैसे भरायला सांगूच नका. त्यांनी आपल्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) बँक खात्यातून सरळ संस्थेला द्यावेत आणि संस्थेने पासपोर्टची प्रत पावतीसोबत ठेवावी. तोच पैसा एकदा मंडळाच्या खात्यात पडला की तो मूळचा कुणाचा होता हे सांगून उपयोग नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर कलम ७ नुसार एफसीआरए संस्था हा पैसा पुढे वाटण्यासाठी दुसऱ्या कुणाकडे वर्ग करू शकत नाही. समोरच्या संस्थेकडे नोंदणी असली तरीही नाही. पूर्वी नोंदणीकृत संस्थांमध्ये असं हस्तांतरण चालायचं आणि तालुक्याच्या अनेक संस्था त्यावरच उभ्या होत्या, त्यामुळे या बदलाचा सगळ्यात मोठा फटका त्यांना बसला. त्याच वेळी प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पैसाही आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उतरवावा लागतो. तिथून तो स्थानिक बँकेतल्या वापर खात्यात नेता येतो.

लहान ट्रस्टने स्वतः नोंदणी घ्यायची तर किमान तीन वर्षं जुनी संस्था आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर १५ लाखांचा खर्च, ही अट आहे. बहुतेक जण इथेच अडतात. मग राहते पूर्वपरवानगी. त्यात देणगीदार, रक्कम आणि काम तिन्ही ठरलेलं असतं. मंडळाने वचनपत्र द्यायचं, संस्थेने एफसी-३ब अर्ज भरायचा. गावाकडची नाती दोन्हीकडे असतात म्हणून एक गोष्ट आधीच तपासा: घेणाऱ्या संस्थेचा प्रमुख तुमच्या मंडळात नको आणि तिच्या पदाधिकाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के लोक मंडळाचे सभासद किंवा कर्मचारी नसलेले हवेत. मंजुरीला महिने जातात. घरबांधणीसाठी हा मार्ग चालेल, तातडीच्या कामाला चालणार नाही.

औसेकर:
हिशेबवहींनी कायदा नेमका सांगितला. पण पैसा मोठ्या संस्थेतून गेला म्हणून निर्णयही तिथेच व्हावा, असं काही नाही.

हा तिढा जगभर आहे. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा करार केला. २०२० पर्यंत मदतीचा किमान २५ टक्के वाटा स्थानिक संस्थांना शक्य तितका थेट द्यायचा, असं त्यात ठरलं होतं. ते उद्दिष्ट एकूण मदतीच्या पातळीवर गाठलं गेलं नाही. शंभर लहान करार सांभाळण्यापेक्षा एक मोठा करार देणगीदाराला सोपा पडतो. मग मोठी संस्था सगळी जोखीम खाली ढकलते: तीन महिन्यांचं काम, खर्च आधी तुम्ही करा, बिलं आल्यावर परतफेड, कार्यालयाच्या खर्चाला शून्य. गावातली संस्था उधारीवर मदतकार्य करते आणि काम संपेपर्यंत तिची चांगली माणसं सोडून जातात.

आपल्याकडे याहून चांगलं झालेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जावर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला. बाराशेहून जास्त गावांत लोकसहभागाचं काम शासनाने स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे दिलं आणि गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. पैसा सरकारचाच राहिला. घरमालक आणि सरकारी यंत्रणा यांच्या मधे मात्र गावातलीच बाई उभी राहिली. कार्यक्रमात आपल्याला काय मिळणार आणि घर मजबूत कसं करायचं, हे लोकांना तिच्याकडून कळत गेलं.

तुमच्यासाठी मी अशी रचना सुचवेन. मंडळाचा पैसा एफसीआरए संस्थेकडे जाऊ द्या, पण तिच्याशी लेखी ठरवा की लाभार्थी ग्रामसंघाच्या बैठकीत निवडले जातील आणि रक्कम संस्थेच्या खात्यातून थेट त्या कुटुंबाच्या बँक खात्यात पडेल. देखरेखीला तालुक्यातली माणसं संस्थेच्या पगारावर घ्यायला सांगा. भारतीय पासपोर्टवाल्यांचा पैसा मात्र पूर्णपणे स्थानिक ट्रस्टला द्या. तो किटवर घालवू नका. कार्यकर्त्यांचं मानधन, पेट्रोल, हिशेबनीस, भाडं, हा खर्च कुणीच देत नाही आणि त्याच्याशिवाय पुढच्या पुरात ती संस्था जाग्यावर नसेल. दोन वर्षांची लेखी हमी द्या, मग रक्कम लहान असली तरी चालेल.

गावकुस:
यादीबद्दल बोलते, कारण घोळ तिथेच होतो.

सरकारी पंचनामा सातबाऱ्यावर चालतो. बटाईने कसणारा, सासऱ्याच्या नावावरची जमीन कसणारी विधवा, गायरानावरची पारधी वस्ती हे त्यात सहसा नसतात. म्हणून तुमचा पैसा आधी यांच्यासाठी धरा. ग्रामसंघावरही डोळे झाकून सोडू नका. वस्तीवरच्या किती बायका त्याच्या गटांत आहेत ते विचारा. एकही नसेल तर वस्तीवर वेगळी बैठक घ्या. आणि बीड, धाराशिवात दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. डिसेंबरात केलेल्या यादीत सगळ्यात गरीब माणूसच गायब असतो. निधीचा एक तृतीयांश हिस्सा एप्रिलमधल्या दुसऱ्या यादीसाठी राखून ठेवा.

शेळ्यांचं काम सोपं वाटतं, पण तिथेच पैसा बुडतो. चाळीस घरांनी एकाच बाजारात एकाच आठवड्यात खरेदी केली की भाव चढतो, व्यापारी लांबून आजारी माल आणतात आणि महिन्याभरात करडं मरतात. पाच-सहा घरांनी एका बाजाराला जायचं, असं दीड-दोन महिन्यांत पसरवा. शेळी शक्यतो तालुक्यातलीच, दोन-चार दातांची, म्हणजे तरुण, घ्यायची. पीपीआर आणि आंत्रविषार या दोन्ही रोगांच्या लसी झाल्यात का विचारायचं. झाल्या नसतील तर कळपात सोडण्याआधी दवाखान्यातून टोचून घ्यायच्या. विमा काढायचा तर कानात बिल्ला हवा, तो त्याच दिवशी मारून घ्या.

आता हिशेब. बाजारात जीएसटीचं बिल मिळत नाही, ते मागून माणसांना खोटं बोलायला लावू नका. बाजार समितीची पावती, व्हाउचरवर विकणाऱ्याची सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार आणि बिल्ल्याचा बारा आकडी नंबर दिसेल असा फोटो एवढं पुरे. गटाचा ठराव आणि कॅशबुकच्या पानांची प्रत घ्या. अहवाल मराठीतच घ्या, हवं तर इंग्रजी तुम्ही करा. कुणाला किती मिळालं ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायला लावा. त्या भिंतीसमोर जेवढी तपासणी होते तेवढी कोणताही ऑडिटर करत नाही.

परमुलखी:
फारच उपयोगी. एकच शंका आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांनी बचत गटाच्या खात्यातच पैसे टाकले तर?

हिशेबवही:
टाळा. गटाचं खातं बचत आणि कर्जासाठी असतं. बाहेरून मोठी रक्कम आली की बँक चौकशी करते आणि त्यात गटाचं कर्ज अडकू शकतं. देणगीदाराला देणगीवरची करसवलतही (८०जी) मिळत नाही. तालुक्यातला १२अ (ट्रस्टची आयकर नोंदणी) आणि ८०जी असलेला ट्रस्टच बरा. एका ट्रस्टने दुसऱ्याला दिलेल्या देणगीचा आता ८५ टक्केच भाग खर्च म्हणून धरला जातो, म्हणून मधे आणखी एक ट्रस्ट घालू नका.

पैसे पाठवण्याआधी तीन कागद मागवा: मागच्या वर्षीचा ऑडिट अहवाल, पॅनची प्रत आणि धर्मादाय कार्यालयातला विश्वस्तांचा चालू उतारा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. कित्येक ट्रस्टचे अर्ज दिलेच जात नाहीत किंवा वर्षानुवर्षं पडून राहतात. उताऱ्यावर जुनी, कधी कधी वारलेल्या माणसांची नावं असतात, बँक केवायसी नाकारते आणि आलेली देणगी खात्यात असून काढता येत नाही. अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पोच आणि बँकेने मान्य केलेल्या सह्यांचं पत्र दोन्ही हाती आल्यावरच पहिला हप्ता सोडा. कामाच्या पैशांपैकी साधारण ७० टक्के या हप्त्यात द्या. परतफेडीच्या पद्धतीने दिलेत तर गावात कुणाकडे तरी उधारी करूनच काम सुरू होईल.