टॅकॅक्स प्लस चालू असताना स्विचचा लोकल युजर चालत नाही, सर्व्हर बंद पडला तर काय?

स्विचघर:
सिस्को आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम) असलेले साधारण 40 नेटवर्क स्विच आहेत. सगळीकडे एकच अॅडमिन पासवर्ड आहे, तो बंद करून लॉगिन टॅकॅक्स प्लसवर (लॉगिन आणि अधिकार मध्यवर्ती सर्व्हरवरून तपासणारी पद्धत) न्यायचे आहे. लिनक्सवर सर्व्हर बसवला आणि चाचणीच्या स्विचवर क्रम दिला: आधी ग्रुप टॅकॅक्स प्लस, मग लोकल (स्विचमध्येच नोंदवलेले युजर). सर्व्हर चालू असताना लोकल युजर टाकला की नकार येतो. मग यादीत लोकल ठेवून उपयोग काय? शिवाय कनिष्ठांना फक्त शो कमांड आणि पोर्ट बंद-चालू करणे एवढेच द्यायचे आहे. हे रेडियसवर (सर्व्हरवरून लॉगिन तपासणारी दुसरी पद्धत) जमेल का?

लूपबॅक_शून्य:
नकार येतोय तो बरोबरच आहे. यादीतली पुढची पद्धत वापरली जाते ती सर्व्हरकडून उत्तरच आले नाही तर. सर्व्हरने 'नाही' म्हटले की विषय तिथेच संपतो. तुमचा लोकल युजर सर्व्हरला माहीत नाही, म्हणून तो नाकारतो.

चाचणी दोन प्रकारे करा. सर्व्हरवरची सेवा थांबवली तर कनेक्शन लगेच नाकारले जाते आणि लोकलची पाळी पटकन येते. फायरवॉलवर टीसीपी 49 (टॅकॅक्स प्लसचा पोर्ट) गुपचूप अडवला तर मात्र पूर्ण टाइमआउट थांबावे लागते. तो मुळात 5 सेकंद असतो, म्हणजे दोन सर्व्हर असतील तर 10. लिंक तुटते तेव्हा हा दुसरा प्रकारच अनुभवाला येतो, म्हणून तो टाळू नका.

बाकीच्या स्विचवर जाताना क्रम पाळा. आधी प्रिव्हिलेज 15 चा (सर्वोच्च अधिकाराचा) लोकल युजर, सीक्रेटसह (पासवर्डसह). मग 'रीलोड इन 15' (15 मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेले बदल जातात). मग 'एएए न्यू-मॉडेल' (एएए म्हणजे ओळख, अधिकार आणि नोंदी), कारण ही ओळ दिल्याक्षणी व्हीटीवायवरचा (नेटवर्कवरून लॉगिन करायच्या लाइनवरचा) जुना पासवर्ड बाद होतो आणि लोकल युजर विचारला जातो. पहिले सेशन उघडे ठेवून दुसऱ्यातून लॉगिन करा. जमले तरच 'रीलोड कॅन्सल' आणि सेव्ह. आधीच सेव्ह केलेत तर रीलोडने काहीही परत मिळणार नाही.

पोर्ट४९:
तुमच्या गरजेला रेडियस पुरणार नाही. त्यात ओळख पटली की त्याच उत्तरात अधिकारही येतात. प्रिव्हिलेज लेव्हल देता येते, पण प्रत्येक कमांड सर्व्हरला विचारून चालवता येत नाही. रेडियस डॉट वन एक्स (पोर्टला जोडणाऱ्याची ओळख तपासणे) आणि वायफायसाठी ठेवा.

टॅकॅक्स प्लसमध्ये लेव्हल 1 आणि 15 दोन्हींच्या कमांडना ऑथरायझेशन (परवानगीची तपासणी) लावा, आणि 'एएए ऑथरायझेशन कॉन्फिग-कमांड्स' (कॉन्फिग मोडमधल्या कमांडही तपासणारी ओळ) चालू असल्याची खात्री करा. एक अडचण फार जण विसरतात: 'शटडाउन' ही कमांड सर्व्हरकडे एकटीच जाते, कोणत्या पोर्टवर ते तिच्यासोबत नसते. त्यामुळे बंधन 'इंटरफेस' या कमांडवरच घालावे लागते. कनिष्ठांना अॅक्सेस पोर्टचेच (वापरकर्त्यांची उपकरणे जोडायच्या पोर्टचे) नंबर द्या, अपलिंक (पुढच्या नेटवर्ककडे जाणारे पोर्ट) आणि 'इंटरफेस रेंज' (एकदम अनेक पोर्ट निवडणे) नाकारा. नियम लिहिताना हेही ध्यानात घ्या की 'श रन' असे तोडके टाकले तरी सर्व्हरला पूर्ण 'शो रनिंग-कॉन्फिग' दिसते. आधी लॉग बघा, मग रेग्युलर एक्स्प्रेशन (कमांड जुळवायचा नमुना) लिहा.

स्विचघर:
चाचणीत सर्व्हर बंद केला, तर आधीपासून लॉगिन असलेल्या माणसाची प्रत्येक कमांड नाकारली जाते.

लूपबॅक_शून्य:
कारण कमांड ऑथरायझेशनमध्ये सर्व्हरनंतर तुम्ही 'लोकल' दिले असणार, आणि तो माणूस लोकल यादीत नाही. तिथे 'इफ-ऑथेंटिकेटेड' (आधीच ओळख पटलेल्याला परवानगी) द्या. याची किंमत अशी की सर्व्हर बंद असेपर्यंत, लेव्हल 15 वर असलेल्या कनिष्ठालाही सगळे मोकळे होते. दोन सर्व्हर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे हाच त्यावर खरा उपाय. कन्सोलवर (स्विचला थेट केबल लावून लॉगिन करायच्या पोर्टवर) ऑथरायझेशन मुळात बंद असते. ते तसेच राहू द्या, पण रॅकला कुलूप हवे.

पोर्ट४९:
नोंदींसाठी 'एएए अकाउंटिंग' एक्झेकला (लॉगिन सेशनला) आणि लेव्हल 15 च्या कमांडना लावा. सगळ्या स्विचवर एनटीपी (घड्याळे जुळवणारी सेवा) नसेल तर नोंदींच्या वेळा जुळणार नाहीत. 'आयपी टॅकॅक्स सोर्स-इंटरफेस' मॅनेजमेंट इंटरफेसवर बांधा, नाहीतर दुसऱ्या अपलिंकवर गेल्यावर सोर्स आयपी बदलतो आणि सर्व्हर त्या स्विचला ओळखत नाही. की (स्विच आणि सर्व्हरमधला सामायिक गुप्त शब्द) पेस्ट करताना शेवटी स्पेस राहिली तर तीही कीचा भाग होते. आणि हे सगळे मॅनेजमेंट व्हीलॅनमध्येच (देखभालीसाठी वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवा: टॅकॅक्स प्लसमध्ये मजकूर एमडी5 (एक हॅश पद्धत) वापरून फक्त झाकलेला असतो, आणि 2020 च्या आरएफसी 8907 (टॅकॅक्स प्लसचे वर्णन करणारा दस्तऐवज) मध्येही त्याला सुरक्षित एन्क्रिप्शन मानलेले नाही.